मुंबई–लंडन फक्त चार तास वीस मिनिटं?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त डिस्पॅचरची उत्तरं

सुरुवातीलाच एक खुलासा. मी वैमानिक नव्हते आणि हवाई सुंदरीही नव्हते. तेहेतीस वर्षं मुंबई विमानतळावर फ्लाइट डिस्पॅचर होते. विमान कोणत्या वाटेने जाणार, किती उंचीवरून, पोटात किती इंधन घेऊन, वाटेत वारा कसा आहे, उतरायचं गाव धुक्यात बुडालं तर दुसरं कोणतं, हे सगळं कागदावर मांडायचं आणि कॅप्टनच्या सहीशेजारी आपली सही ठोकायची. हे डिस्पॅचरचं काम. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून विमानतळावर कामाला आहे, पण तिला विमानात बसू देत नाहीत." अगदीच चूक नव्हतं ते.

दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि लागणारा वेळ, यावर या वेळी पत्रं मागवली होती. बरीच आली. त्यातली ही काही.

"जानेवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघाले आहे. तिकिटावर लिहिलंय: मुंबईहून दुपारी १.१५ ला निघणार, लंडनला संध्याकाळी ५.३५ ला पोहोचणार. येताना लंडनहून रात्री ८.४५, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११.१५. म्हणजे जाताना चार तास वीस मिनिटं आणि येताना साडेचौदा तास! येताना विमान हळू चालतं का? जावयाला विचारलं तर तो नुसता हसला."
एक आजी, कराड

आजी, जावयाला हसू द्या. तुमची वजाबाकी बरोबर आहे, फक्त घड्याळं दोन आहेत. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोहोचायची वेळ पोहोचायच्या गावची. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. तुम्ही तिथे ५.३५ ला उतराल, तेव्हा कराडच्या तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचे ११.०५ वाजलेले असतील. दुपारी सव्वाला निघून रात्री अकरा वाजून पाच मिनिटं, म्हणजे नऊ तास पन्नास मिनिटं. येतानाचंही तसंच. लंडनचे रात्रीचे ८.४५ म्हणजे आपले पहाटेचे सव्वादोन, तिथून सकाळी सव्वाअकरापर्यंत बरोबर नऊ तास.

बोटांवर करता येईल अशी एक युक्ती देते. तिकिटावरच्या दोन्ही वजाबाक्या करा, त्यांची बेरीज करा आणि अर्धी करा. चार तास वीस अधिक साडेचौदा तास म्हणजे अठरा तास पन्नास, त्याचे अर्धे नऊ तास पंचवीस, हा एका बाजूच्या प्रवासाचा सरासरी वेळ. जाताना जे साडेपाच तास फुकट मिळाल्यासारखे वाटतात, तेच येताना भरावे लागतात. बेरजेत ते आपोआप उडून जातात. कोणत्याही दोन शहरांना हे लागू पडतं, फरक ठाऊक नसला तरी.

मात्र सहा महिने राहून परत येणार असाल तर युक्ती फसेल. मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनवाले घड्याळ तासभर पुढे करतात, मग फरक साडेचारच तासांचा उरतो आणि माझं उत्तर अर्ध्या तासाने चुकतं. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर निदान विमानात तरी हातातलं घड्याळ कराडच्याच वेळेवर ठेवा. तिथे उतरल्यावर डॉक्टरांनी सांगितलंय तसं करा.

आणि हो, जाताना पन्नास मिनिटं जास्त लागतात ती खरीच जास्त लागतात, घड्याळाचा खेळ नाही. ते वाऱ्याचं काम. त्याबद्दल पुढे पुण्याच्या पत्रात येईल.

"मी नववीत आहे. नकाशावर मुंबई आणि लंडन पट्टीने जोडलं तर रेघ इराक, सीरिया, ग्रीस अशी जाते. पण सर म्हणाले की सगळ्यात जवळचा रस्ता तो नाही. मग कोणता? आणि विमानं कोणत्या रस्त्याने जातात?"
एक विद्यार्थी, नांदेड

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. आता घरात पृथ्वीचा गोल असेल तर घे, नसेल तर शाळेतला माग. शिवणाच्या डब्यातला दोरा घे. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताण देऊन आपला आपण बसू द्यायचा. ओढून-ताणून त्याला कुठे नेऊ नकोस.

माझ्याकडे अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेला एक गोल आहे, दक्षिण अमेरिकेला पोचा पडलेला. तुझं पत्र आल्यावर तो कपाटावरून काढला, पुसला आणि दोरा लावला. मुंबईहून दोरा वायव्येला निघाला तो जवळजवळ थेट कराचीवरून. मग बलुचिस्तान, इराणची पूर्व बाजू, कॅस्पियन समुद्राचा खालचा भाग, कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र, ओडेसाच्या जवळून युक्रेन, पोलंडचा दक्षिण भाग, जर्मनी आणि लंडन. तुझी पट्टी ज्या इराक-सीरियावरून गेली त्यांच्या कितीतरी उत्तरेकडून. गोल कागदावर सपाट करताना उत्तरेकडचा भाग फाकवावा लागतो, मोसंबीची साल टेबलावर दाबून बसवावी तसा. त्यात जी रेघ सरळ दिसते ती लांबची असते, आणि जी वाकडी दिसते ती जवळची.

आता अंतर. माझा गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे त्याचा घेर चौऱ्याण्णव सेंटिमीटर. खऱ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. भागाकार केलास तर गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. माझा दोरा भरला सतरा सेंटिमीटर. सतरा गुणिले ४२५ तूच कर. मुंबई–लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर सांगतात ते हेच. आमच्या कामात ते ३,९०० नॉटिकल मैल म्हणून लिहायचे. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे: अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल. नकाशाच्या कडेला छापलेले अंश हीच आमची मोजपट्टी.

इथपर्यंत सर बरोबर आणि तुझी पट्टी चूक. पण आता गंमत बघ. दोऱ्याची वाट परत एकदा वाच. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि मग महिन्यामहिन्याने मुदत वाढत गेली. त्यांच्या विमानांना आपण बंदी घातली ती ३० एप्रिलला. म्हणजे दोरा जिथून सुरू होतो तिथेच पहिली गाठ, आणि शेवटाकडे आणखी एक. म्हणून मुंबईहून निघालेलं भारतीय विमान आधी अरबी समुद्र ओलांडून ओमानच्या बाजूला जातं आणि तिथून पुढे त्या आठवड्यात कोणाकोणाचं आकाश उघडं आहे ते पाहून वाट काढतं. थोडक्यात, भूमितीत पट्टी हरली, पण विमान हल्ली दोऱ्यापेक्षा तुझ्या पट्टीच्याच जास्त जवळून जातं!

आमच्या ऑफिसात अशा बंदीच्या सूचना तारेसारख्या भाषेत यायच्या. त्यांना नोटॅम म्हणतात. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानचं आकाश बंद झालं ते जुलैच्या मध्याला उघडलं. मी तोवर निवृत्त झाले होते. पण माझ्या जागी बसलेली मुलगी रात्री फोन करून म्हणाली होती, "मॅडम, आज पाठ असलेली एकही वाट चालली नाही."

"पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान हवेत नुसतं थांबून राहिलं तर लंडन आपोआप खाली येणार नाही का? इंधन कशाला जाळायचं?"
एक वाचक, बार्शी

हा प्रश्न मला लग्नाकार्यात दर वेळी कोणीतरी विचारतंच. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला धावते, हे खरं. पण हवाही तिच्याबरोबर धावते, आणि विमान त्या हवेत असतं. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये बसून चहा बशीत ओता. गाडी धावत असते म्हणून चहा मागच्या टेबलावरच्या माणसाच्या मांडीवर पडतो का? बशीतच पडतो. विमान म्हणजे ती बशी समजा. (चहा घाटात नका ओतू. तिथे पडेल, पण त्याचं कारण वेगळं.)

"मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला असतो. दिल्लीहून तिकडे जाताना विमान कधी पॅसिफिक महासागरावरून जातं, कधी युरोपावरून. दोन उलट दिशा! यातलं जवळचं कोणतं?"
एक वाचक, बाणेर, पुणे

दोन्ही जवळचे नाहीत. दोरा लावलात तर तो दिल्लीहून जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जाईल, सैबेरिया ओलांडून आर्क्टिक समुद्रावरून पलीकडे उतरेल. अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. पण उत्तरेला हिमालय आणि तिबेटचं पठार आहे. तिथे इंजिन बंद पडलं किंवा केबिनमधली हवा गेली तर चटकन खाली यायला जागा नाही. त्यामुळे मुद्दाम वळसा घ्यावाच लागतो.

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर २०१६ च्या ऑक्टोबरात मिळालं. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. त्या महिन्यात त्यांनी ती पॅसिफिकवरून नेली. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा लवकर. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी दिवसभर तोच विषय होता. तरुण पोरांना वाटत होतं काहीतरी चुकीचं छापलंय.

कारण वारा. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोत असतात, त्यांना जेटस्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा रोजचा वेग, कधी त्याहून खूप जास्त. विमान स्वतः हवेतून ताशी नऊशेच्या आसपास जातं. वारा पाठीशी असला तर तो त्यात मिळवायचा, समोरून असला तर वजा करायचा. २०२० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो अशाच वाऱ्यावर बसून चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं होतं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी तेराशेच्या वर गेला होता. विमान तेच, इंजिनं तीच.

इथे एक जण नेहमी म्हणतो, "जाताना तोटा, येताना फायदा, म्हणजे फिटंफाट." नाही हो. नृसिंहवाडीच्या घाटावर नावाडी बघा. प्रवाहाविरुद्ध जाताना तो जेवढा वेळ घालवतो तेवढा सगळा परतीला वसूल होत नाही. आपल्या मुंबई–लंडनचाच हिशेब करा. ७,२०० किलोमीटर, वेग ९००, वारा नाही: जाताना आठ तास, येताना आठ, एकूण सोळा. आता शंभराचा वारा धरा. जाताना वेग ८००, लागले नऊ तास. येताना १,०००, लागले सात तास बारा मिनिटं. बेरीज सोळा तास बारा मिनिटं. बारा मिनिटं गेली ती गेलीच. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तो जास्त खातो.

वारा ऋतूप्रमाणे जागाही बदलतो. हिवाळ्यात हा झोत उत्तर भारतावर उतरतो, म्हणून जानेवारीत दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांची सुरुवातच समोरच्या वाऱ्यात होते. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर उलटं असतं: दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे झोत वाहतो. त्याचा पहिला सविस्तर अभ्यास आपल्या हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम् यांनी १९५० च्या दशकात केला. आम्ही रोज त्यांच्याच वाऱ्याचे बाण वाचायचो. जुलैत मुंबईहून आखाताकडे निघालेल्या विमानाला सुरुवातीला पाठीत हलकी थाप मिळते ती त्या वाऱ्याची. खाली नैऋत्येचा पाऊस समोरून झोडपत असतो आणि वर वारा पाठीमागून. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

आम्ही शिकाऊ होतो तेव्हा फ्लाइट प्लॅन हाताने करायला लावत. हवामान कचेरीतून वाऱ्याचे नकाशे यायचे. त्यावर प्रत्येक ठिकाणी एक काठी आणि तिला पिसं. एक पूर्ण पीस म्हणजे दहा नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल), अर्धं म्हणजे पाच, आणि काळा त्रिकोण म्हणजे पन्नास. वाटेचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर वारा किती आणि कोणत्या कोनात ते मोजायचं, वेळ काढायची, वेळेवरून इंधन. काळे त्रिकोण समोरून दिसले की माझे वरिष्ठ म्हणायचे, "आज विमानाला डबा जास्त बांधून द्या." पण डबा बांधायलाही हिशेब लागतो. जादा इंधन स्वतःच वजन असतं. दहा तासांच्या उड्डाणात एक टन जास्त न्यायचं म्हटलं तर त्यातलं तीनशे किलोच्या आसपास नुसतं ते वाहून नेण्यातच जळतं.

तुमच्या मुलाने परतीचं तिकीट काढताना किलोमीटर बघू नयेत. तास बघावेत.

मागच्या अंकातली माझी चूक

मागच्या वेळी मी मुंबई–दिल्ली हवाई अंतर १,३८४ किलोमीटर लिहिलं. भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे गार्डांनी पोस्टकार्ड पाठवून कळवलं की तो राजधानी एक्सप्रेसचा आकडा आहे, आणि "मॅडम, विमान आता रुळावरून जायला लागलं का?" असंही विचारलंय. अंतर साधारण १,१४० किलोमीटर हवं. आकडा डोक्यात बसला होता तो चुकीच्या खणातून निघाला. गार्डसाहेब, लाल बावटा मान्य.

"तिकिटावर नागपूर–मुंबई एक तास चाळीस मिनिटं. हवाई अंतर सातशे किलोमीटरसुद्धा नाही. ताशी नऊशेने पाऊण तास व्हायला हवा. उरलेला जवळजवळ एक तास जातो कुठे? आणि परवा विमान वीस मिनिटं उशिरा निघालं तरी 'वेळेआधी पोहोचलो' अशी घोषणा झाली! हे काय गौडबंगाल?"
एक व्यापारी, इतवारी, नागपूर

व्यापाऱ्याचं डोकं! अंतर सुमारे ६८५ किलोमीटर धरा. रेल्वेने हेच ८३७ आणि समृद्धी महामार्ग ७०१, म्हणजे विमानाची बचत तशी बेताचीच.

तिकिटावरचा वेळ हा उडण्याचा वेळ नसतोच. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, आणि मुंबईत जागेवर उभं राहून परत ठोकळे लागले की बंद. मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीच्या तोंडापर्यंत जाणं, तिथली रांग, सगळं त्यात आलं. हवेतही नऊशेचा वेग लगेच मिळत नाही. दहा हजार फुटांच्या खाली अडीचशे नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी साडेचारशेच्या जरा वर. चढायला वीसेक मिनिटं. आणि उतरण्याची सुरुवात मुंबईच्या दोनशे किलोमीटर आधीच होते. तुमच्या वाटेवर विमान सपाट उडतं ते जेमतेम अर्धा तास. म्हणून ट्रॉलीवाल्या मुली एवढ्या घाईत असतात. चहाचा कप हातात येतो न येतो तोच तो परत मागतात. एकूण हवेतला वेळ तासाच्या थोडा वर.

उरला तो गादीचा कापूस. वेळापत्रक करताना कंपन्या थोडा जादा वेळ भरून ठेवतात. पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलं तर विमान 'वेळेवर' मोजलं जातं, आणि ते आकडे दर महिन्याला जाहीर होतात. म्हणून वीस मिनिटं उशीर कापसात जिरतो आणि तुम्हाला घोषणा ऐकू येते. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण मुंबईत तो कापूस बहुतेक दिवशी खर्चही होतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. म्हणजे दर ऐंशी सेकंदाला एक! पुढच्या एखाद्याने धावपट्टी सोडायला अर्धा मिनिट जास्त लावला की आकाशात रांग लागते.

ती रांग मी आतून पाहिली आहे. निवृत्तीनंतर पुतणीच्या लग्नाहून नागपूरहून परत येत होते. मांडीवर संत्रा बर्फीचा खोका, कारण वरच्या कप्प्यात जागा मिळाली नव्हती. मुंबई जवळ आली आणि विमान वळलं. परत वळलं. डाव्या खिडकीत एक धरण दिसलं, गेलं, आणि पुन्हा तेच धरण. मी घड्याळ लावलं. होल्डिंग म्हणजे शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोल असतो: एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा वळण, पुन्हा सरळ. एक फेरी चार मिनिटांची, आणि चौदा हजार फुटांच्या वर असाल तर पाच, कारण तिथे सरळ भाग दीड मिनिटाचा. माझ्या फेऱ्या पाच मिनिटांच्या भरत होत्या, म्हणजे आम्ही अजून वरच होतो आणि आमच्या खालीही कोणीतरी फिरत होतं. चौथ्या फेरीपासून चार मिनिटांच्या झाल्या. मी शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, "आता एक मजला खाली आलो." त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की पुढे मी गप्प बसले. सहा फेऱ्या. पण उतरल्यावर राग आला तो वेगळ्या गोष्टीचा: पूर्ण वेळात कोणी एक शब्द सांगितला नव्हता. प्रवाशांना एवढंच सांगा ना, की खाली रांग आहे, आपल्याकडे इंधन पुरेसं आहे. पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढा साठा, हे प्रत्येक जेट विमानात बांधूनच दिलेलं असतं. मी आयुष्यभर तेच बांधून दिलं. तरी बर्फीचा खोका माझ्या घट्ट धरलेल्या हातांनी दोन कोपऱ्यांत चेपला होता.

"मुलगा रात्री दुबईहून मुंबईला येत होता. मी मोबाइलच्या ॲपवर विमान बघत बसले होते. समुद्राच्या मध्यावर ते थबकलं आणि मग दिसेनासंच झालं. अर्ध्या तासाने पुन्हा दिसलं, ते एकदम खूप पुढे. तो अर्धा तास माझा कसा गेला ते माझं मला ठाऊक. असं का होतं?"
एक आई, इचलकरंजी

विमान सारखं आपलं ठिकाण रेडिओवरून सांगत असतं, आणि ॲपवाल्यांचे अँटेना ते जमिनीवर बसून ऐकत असतात. बरेचसे अँटेना तर हौशी लोकांच्या गच्चीवर असतात. हा आवाज सरळ रेषेत जातो. पृथ्वीच्या गोलाईमुळे अकरा किलोमीटर उंचीवरचं विमानसुद्धा चारशेएक किलोमीटरच्या पलीकडे अँटेनाला 'दिसत' नाही. अरबी समुद्रात गच्च्या नाहीत. मग ॲप थोडा वेळ अंदाजाने ठिपका पुढे सरकवतं आणि शेवटी हात टेकतं. विमान मात्र मिनिटाला पंधरा किलोमीटर जात असतं. अर्ध्या तासात साडेचारशे. म्हणून ते 'एकदम पुढे' दिसलं. ॲपला दिसत नसलं तरी विमान बेवारस नसतं. समुद्रावरही वैमानिक ठरलेल्या ठिकाणी आपली हजेरी देतो. आता ती बरीचशी उपग्रहावरून जाते. माझ्या काळी लांब पल्ल्याच्या रेडिओवर यायची, खरखरीतून, अर्धा आवाज अरबी गाण्यांचा आणि त्यात कुठेतरी आपल्या विमानाचा नंबर.

हे सगळं मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि तरी मागच्या डिसेंबरात भाची दोह्याहून येत असताना तो ठिपका नाहीसा झाला, तेव्हा मी फोन हातात धरून ओट्यापाशी उभी होते आणि मागे दूध उतू गेलं.